गुलाबी ड्रेस कुणाचा?

मर्लिनचा ड्रेस, मॅगझिनची पोझ, हार्लेमचा नाच... मॅडोनानं सगळं उचललं आणि त्याचंच करिअर केलं. पण हे उचलणं सलाम कधी असतं आणि ढापणं कधी?

एक काम करा. आज लंच टाइमला इअरफोन लावा आणि यूट्यूबवर दोन क्लिप्स पाठोपाठ बघा. पहिली १९५३च्या 'जंटलमेन प्रीफर ब्लॉन्ड्स' सिनेमातली. लालभडक सेट, सुटाबुटातल्या पुरुषांचा घोळका आणि मधोमध हिऱ्यांचं कौतुक करणारी मर्लिन मन्रो. गुलाबी स्ट्रॅपलेस ड्रेस, कोपराच्या वर जाणारे ग्लोव्हज. दुसरी क्लिप १९८५ची, मॅडोनाच्या 'मटेरियल गर्ल'ची. तसाच लाल सेट, तसाच घोळका, तसाच गुलाबी ड्रेस. सेम टू सेम!

कॉपी? अर्थातच कॉपी. पण पकडली जावी म्हणूनच केलेली. आपल्याकडे बहुरूपी पोलिसाच्या वेषात दारात येतो, तेव्हा तो खरा पोलीस नाही हे घरातल्या पोरांनाही ठाऊक असतं. त्यातच तर मजा! मॅडोनाही तेच करते. 'मी मर्लिन नाही, तुम्हालाही माहितीय, आता बघा गंमत' असा तिचा एकूण आविर्भाव.

असली-नकलीचा फंडा

गंमत पुढे आहे. गाण्यातली मुलगी पैसेवाल्या पोरांच्या मागे. व्हिडिओतल्या गोष्टीत मात्र ती फोनवर मैत्रिणीला सांगते, की महागड्या गिफ्ट्सचं मला काही नाही. हे ऐकतो एक श्रीमंत फिल्मवाला (कीथ कॅरडीन). मग हा पठ्ठ्या साधी फुलं घेऊन येतो, कुणाला तरी पैसे देऊन जुनाट ट्रक मिळवतो आणि गरीब असल्याचं नाटक करून तिला पटवतो. म्हणजे गाणं म्हणतं पैसा, गोष्ट म्हणते प्रेम आणि त्या प्रेमातली गरिबीही पैसे मोजून आणलेली. खरं काय? दिग्दर्शिका मेरी लॅम्बर्ट उत्तर देत नाही.

आणि जिची नक्कल केली ती मर्लिन तरी कुठे 'ओरिजिनल' होती? मूळची नॉर्मा जीन. केस रंगवून, नाव बदलून स्टुडिओनं घडवलेली. १९६२मध्ये ती गेली आणि त्याच वर्षी अँडी वॉरहॉलनं तिच्या एका पब्लिसिटी फोटोचे रंगीबेरंगी छापे काढले. म्हणजे मॅडोनानं उचलली ती इमेजची इमेज.

कॉलेजच्या सेमिनारमध्ये ज्या शब्दानं हमखास झोप यायची, तो 'पोस्टमॉडर्निझम' म्हणजे साधारण हेच. नवं काही निर्माण करण्याचा आव न आणता जुनं उचलायचं, एकमेकांत मिसळायचं आणि 'खरी मी' कोण हा प्रश्नच उडवून लावायचा. १९८१मध्ये एमटीव्ही सुरू झाला आणि या खेळाला चोवीस तासांचं मैदान मिळालं. 'एक्स्प्रेस युअरसेल्फ' (१९८९) बघा. त्यात १९२७चा जर्मन मूकपट 'मेट्रोपोलिस' सरळ डोकावतो.

पोझ फिरली गोल गोल

मग १९९०मध्ये आलं 'वोग'. दिग्दर्शक डेव्हिड फिंचर, 'फाइट क्लब'वाला. ब्लॅक अँड व्हाइट, चकाचक. यातली कॉर्सेटमधली पाठमोरी मॅडोना म्हणजे हॉर्स्ट या फोटोग्राफरचा १९३९चा गाजलेला फोटो. हॉर्स्ट फोटो काढायचा 'वोग' मासिकासाठी.

आता नाच बघा. हात चेहऱ्याभोवती फिरवून, अचानक पोझ घेऊन थांबणं. ही 'वोगिंग'ची स्टाइल न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या बॉल्समध्ये घडली. तिथे नाचणारे होते कृष्णवर्णीय आणि लॅटिनो गे, ट्रान्स तरुण. अनेकांना घरच्यांनी बाहेर काढलेलं, म्हणून त्यांनी आपापली 'हाऊस' नावाची कुटुंबं उभी केली. ज्या मासिकात त्यांचे फोटो छापले जाण्याची शक्यता नव्हती, त्याच मासिकातल्या मॉडेल्सच्या पोझेस ते घ्यायचे. नाचाचं नावही तिथूनच आलं. थोडक्यात, मासिकाची पोझ हार्लेमला गेली, हार्लेमची मॅडोनाकडे आली आणि मॅडोना ती घेऊन पुन्हा मासिकाच्या फोटोत जाऊन उभी राहिली!

हुशारी झक्कास. पण इथे एक खडा लागतो. 'मटेरियल गर्ल'मध्ये मर्लिन सगळ्यांना ओळखू येते. 'वोग'मध्ये हार्लेम किती जणांना ओळखू आलं? गाण्यात गार्बो, डीट्रिच, मर्लिन अशी एका जमान्याच्या सिताऱ्यांची यादीच येते. सगळे गोरे. ज्यांचा नाच, त्यांच्यापैकी एकाचंही नाव नाही.

मॅडोनाला व्हिलन ठरवणंही सोपं नाही. होझे गुटिएरेझ आणि लुईस कमाचो हे हार्लेमच्या बॉल्समधून आलेले दोन डान्सर तिनं व्हिडिओत घेतले, 'ब्लॉन्ड अँबिशन' टूरवर सोबत नेले. एड्सच्या भीतीनं लोक गे माणसांपासून चार हात लांब राहत होते, तेव्हा ती त्यांना घेऊन स्टेजवर उभी होती. काम दिलं, प्रसिद्धीही दिली. तरी आजही बहुतेकांना 'वोगिंग' म्हटलं की आठवते ती मॅडोनाच.

नाव घ्यायला काय जातं?

हा प्रश्न बियॉन्सेलाही चुकला नाही. २०११मध्ये तिच्या 'काउंटडाउन' व्हिडिओवर बेल्जियन नृत्यदिग्दर्शिका अॅन तेरेसा दे कीर्समाकरनं चोरीचा आरोप केला. स्टेप्स तिच्या १९८३च्या 'रोसास दान्स्त रोसास'मधल्या. बियॉन्सेची बाजू होती, की ती अनेक प्रेरणांपैकी एक प्रेरणा. पण मर्लिन जगाला माहीत होती. हे बेल्जियन नृत्य पॉपच्या किती चाहत्यांनी पाहिलं होतं?

२०२२मध्ये त्याच बियॉन्सेनं 'ब्रेक माय सोल'चं एक रीमिक्स काढलं, खुद्द मॅडोनाला सोबत घेऊन आणि 'वोग'च्याच सुरावटीवर. यादीच्या जागी यादी आली. या वेळी निना सिमोन, अरीथा अशा कृष्णवर्णीय गायिका आणि पाठोपाठ हार्लेमची ती 'हाऊस'. एक्स्ट्राव्हगान्झा, लाबेजा, निंजा... सुटलेली नावं बत्तीस वर्षांनी त्याच चालीत शिरली.

उसनं घेण्यावाचून पॉपचं भागत नाही. आपलं तरी कुठे भागतं? प्रोफाइल फोटोतली ती हाताची घडी, ती पोझ आपण कुठून तरी उचललेलीच असते. पुढच्या मीटिंगमध्ये बॉस तुमच्या स्लाइडवर 'वा, क्या बात है' म्हणेल. ती मूळची शेजारच्या क्युबिकलमधल्या ज्युनिअरची असेल, तर तेवढं नाव घेऊन टाका. बत्तीस वर्षं कशाला थांबायचं, बॉस?