दिवा विझला, व्हॉल्व्ह उघडाच

परभणी जिल्ह्यात विहिरीवर मोटर चालवणाऱ्या कुणालाही फुटवॉल काय असतो ते सांगावं लागत नाही. तो पाणी वर जाऊ देतो, मागं फिरू देत नाही. त्यात काडीकचरा अडकला की पाइप रिकामा होतो, मोटर नुसती घुमत राहते आणि रात्रीच्या पाळीत आलेली वीज फुकट जाते. अणुवीज केंद्रातही याच जातीचे व्हॉल्व्ह असतात, फक्त माणसाच्या कमरेइतक्या जाड पाइपांवर बसवलेले. 21 नोव्हेंबर 1985 रोजी कॅलिफोर्नियातल्या सॅन ओनोफ्रे केंद्राच्या पहिल्या संचात असे पाच व्हॉल्व्ह एकदम निकामी निघाले. वीजपुरवठा काही मिनिटं गेला, पंप थांबले आणि पाणी उलटं वाहून पाइप रिकामे झाले. पुन्हा पाणी सोडलं तेव्हा वाफ आणि पाण्याच्या धडकेनं अख्खी वाहिनी हादरली. ते पाचही आधीपासून बिघडलेले होते, पण त्या दिवसापर्यंत कुणाला पत्ता नव्हता.

परभणीकरांची वीज म्हटलं की येलदरीचं पाणी किंवा परळीचा कोळसा डोळ्यासमोर येतो. राज्यातलं अणुवीज केंद्र दूर, पालघर जिल्ह्यात तारापूरला, 1969 पासून. ग्रिड मात्र एकच, त्यामुळे तिथल्या व्हॉल्व्हशी आपला काही संबंध नाही असं म्हणता येत नाही.

अशा केंद्रात हजारो व्हॉल्व्ह असतात. काही रोज हलतात. त्यांचं दुखणं लवकर कळतं. खरी काळजी असते ती वर्षानुवर्षं गप्प उभ्या असलेल्या आणि अपघाताच्या क्षणी एकदाच उघडायच्या किंवा मिटायच्या व्हॉल्व्हची.

पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंडचं प्रकरण या विषयातलं सर्वांत बोलकं. 28 मार्च 1979 ला पहाटे चारच्या सुमारास दुसऱ्या संचाचे पाण्याचे पंप थांबले. अणुभट्टीतला दाब वाढला, तो उतरवायला एक व्हॉल्व्ह उघडला. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे. दाब उतरल्यावर तो मिटायला हवा होता, तो अडकला. नियंत्रण कक्षातला त्याचा दिवा मात्र विझला, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या समजुतीप्रमाणे व्हॉल्व्ह बंद. वास्तविक तो दिवा व्हॉल्व्हची स्थिती दाखवतच नव्हता. मिटण्याचा हुकूम गेला, एवढंच तो सांगत होता. हुकूम आणि तामिली यांतला फरक आपल्याकडे तलाठी कार्यालयात गेलेल्या माणसालाही कळतो, पण त्या पॅनेलच्या रचनाकारांच्या तो ध्यानात आला नव्हता.

व्हॉल्व्हच्या पुढच्या पाइपाचं तापमान चढलेलं होतं आणि त्यावरून शंका यायला हवी होती. ती आली नाही, कारण त्या भागातली गळती जुनीच होती. तिथलं तापमान आधीपासून चढं असायचं आणि कर्मचाऱ्यांना त्याची सवय झाली होती. वेळीच दुरुस्त न केलेल्या किरकोळ गळतीनं ऐन वेळी खरा इशारा झाकून टाकला. अलीकडचा दुसरा व्हॉल्व्ह मिटून गळती थांबवायला 2 तास 22 मिनिटं गेली. तोवर इंधन उघडं पडलं होतं. पुढे साधारण अर्धा गाभा वितळल्याचं निष्पन्न झालं. चीड आणणारी गोष्ट अशी, की त्याच कंपनीच्या बनावटीच्या ओहायोतल्या डेव्हिस-बेसी केंद्रात सप्टेंबर 1977 मध्ये अगदी हेच घडलं होतं. तिथल्या लोकांनी वीसेक मिनिटांत ते ओळखलं. तो धडा पेनसिल्व्हेनियाच्या नियंत्रण कक्षापर्यंत पोचलाच नाही.

आपल्या देशातलं ठळक उदाहरण तमिळनाडूतल्या कुडनकुलमचं. रशियन बनावटीचा 1000 मेगावॉटचा पहिला संच सुरू होण्याआधी हजारो व्हॉल्व्हच्या चाचण्या झाल्या. त्यांत एका विशिष्ट प्रकारचे चार व्हॉल्व्ह कमी पडले. अणुऊर्जा नियामक मंडळानं एप्रिल 2013 मध्ये ते जाहीर केलं, सदोष भाग बदलून पुन्हा चाचणी घ्यायला लावली आणि 13 जुलै 2013 रोजी अणुभट्टीत साखळी प्रक्रिया सुरू झाली. चाचणीत दोष सापडणं ही तशी चांगलीच बातमी. पण तेव्हा इडिंतकरै गावात केंद्राविरोधी आंदोलन पेटलेलं होतं. त्यातच सुटे भाग पुरवणाऱ्या एका रशियन कारखान्यातल्या खरेदी अधिकाऱ्याला निकृष्ट पोलादाच्या प्रकरणात अटक झाल्याच्या बातम्या येऊन गेल्या होत्या. मंडळाचे माजी अध्यक्ष ए. गोपालकृष्णन जाहीर प्रश्न विचारत होते. अशा वेळी चार व्हॉल्व्हची बातमी लोकांना कबुलीजबाबासारखी वाटली, यात लोकांचा दोष मला दिसत नाही.

हे व्हॉल्व्ह बदलायचे कसे? आधी त्या वाहिनीचा दोन्ही बाजूंचा पुरवठा तोडायचा, कुलूप घालायचं, चिठ्ठी लावायची, पाणी काढायचं आणि लेखी परवान्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. तोडायला जागाच नसेल तर पाइपाभोवती द्रव नायट्रोजन सोडून आतलं पाणी गोठवतात. बर्फाचा तो बूच टिकेल तेवढ्या वेळात काम उरकायचं. किरणोत्सारी भागात प्रत्येकाच्या छातीवर मात्रा मोजणारा बिल्ला असतो. आपल्याकडे मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला 20 मिलीसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात 30. म्हणून खोट्या पाइपावर आधी सराव करून घेतात. वाचलेलं प्रत्येक मिनिट म्हणजे कमी झालेली मात्रा.

गंमत अशी, की या मात्रेचा काही भाग खुद्द व्हॉल्व्हमधूनच आलेला असतो. घासून झिजू नये म्हणून त्यांच्या बैठकीवर कोबाल्टयुक्त कडक मिश्रधातू चढवतात. त्याचे झिजलेले कण पाण्याबरोबर गाभ्यात जातात, तिथे कोबाल्ट-60 बनतात आणि परत येऊन पाइपात चिकटतात. त्याचा अर्धायुकाल सव्वापाच वर्षांचा. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या संचांत आणखी एक अडचण असते. तिथे जड पाणी वापरतात. ते महाग आणि वापरात ट्रिटियमयुक्त झालेलं. एकेक थेंब जपावा लागतो, म्हणून अशा संचांत नुसत्या पॅकिंगवर न विसंबता धातूच्या भात्याचं सील असलेले व्हॉल्व्हही बसवतात.

व्हॉल्व्हच्या कामात धोका नुसत्या किरणोत्साराचा नसतो. कुडनकुलमच्याच पहिल्या संचात 14 मे 2014 रोजी टर्बाइनच्या इमारतीत पाणीपुरवठ्याच्या एका व्हॉल्व्हवर काम चालू असताना गरम पाणी उसळलं आणि सहा कामगार भाजले. किरणोत्साराचा त्यात संबंध नव्हता, असं लगेच सांगण्यात आलं. ते खरंही होतं. मात्र वाद घालणाऱ्या दोन्ही बाजू किरणोत्सारावरच बोलत राहतात, आणि भाजलेल्या सहांपैकी काही जण कंत्राटी होते याची चर्चा दोन दिवसांत संपते.