शीघ्रगति रेल्वे आणि वऱ्हाडचा फांटा



मुंबई–नागपूर शीघ्रगति रेल्वेची गोष्ट निघाली म्हणजे बोलणें बहुधा एकाच आंकड्याभोंवतीं फिरतें: ताशीं ३२० किलोमीटर. वलगांवच्या माणसानें मात्र आधीं विचारावें, कीं ही गाडी थांबणार कोठें?

एवढ्या वेगाची गाडी जुन्या रुळांवरून धांवूं शकत नाहीं. तिची वाट निराळी बांधावी लागते. वळणें अतिशय रुंद, मध्यें फाटक एकहि नाहीं. मुंबई–अहमदाबाद मार्गाची कोनशिला १४ सप्टेंबर २०१७ रोजीं बसली. त्या ५०८ किलोमीटरांत स्थानकें अवघीं १२. दोन रुळांमधील अंतर तेथें १४३५ मिलिमीटर, तर आपल्या नेहमींच्या मोठ्या मार्गाचें १६७६. म्हणजे अमरावतीचा डबा त्या गाडीस जोडतां येणार नाहीं. स्थानकें थोडीं असण्याचें कारणहि उघड आहे. अशा वेगांतून प्रवाशांस धक्का न देतां थांबावयाचें, तर पांच-सात किलोमीटर वाट लागते. पुन्हां वेग धरावयास त्याहून अधिक. तालुक्यातालुक्याला थांबणारी गाडी शीघ्रगति राहील कशी?

वऱ्हाडला हा अनुभव नवा नाहीं. १८६७ सालीं जी. आय. पी. रेल्वे वऱ्हाडांतून नागपुरास पोंचली. अकोला वाटेवर आलें, पण खामगांव आणि अमरावती या कापसाच्या दोन थोर पेठा बाजूला राहिल्या. मग जलंबहून खामगांवला १८७० सालीं व बडनेऱ्याहून अमरावतीला १८७१ सालीं फांटे निघाले. फांटे लहानसेच, परंतु रूळ मुख्य मार्गाच्याच मापाचे, म्हणून अमरावतीस भरलेला डबा थेट मुंबईस जाऊं शके. उलट, यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही आपली ‘शकुंतला’ ७६२ मिलिमीटरांच्या रुळांवर धांवे. तिचा माल मूर्तिजापुरास उतरून पुन्हां भरावा लागे, आणि हमालीचा भुर्दंड शेतकऱ्याच्या गांठोड्यांतून जाई.

नव्या मार्गाचा जो आराखडा प्रसिद्ध झाला, तो बराचसा समृद्धि महामार्गाला धरून आहे. नाशिक, शिर्डी, जालना, मेहकर, कारंजा, पुलगांव, वर्धा अशीं नांवें त्यांत आहेत. अकोला नाहीं, अमरावती नाहीं. अमरावतीकरांस कारंजा साठ किलोमीटरांहून दूर, वलगांवकरांस आणखी दहाएक. तेथून मुंबई पांचशेंहून अधिक किलोमीटर, म्हणजे अडीच तासांची. पण मोटारीची वाट पाहणें, बदलणें, लवकर पोंचून बसणें हें सारें धरलें, तर कारंजा गांठण्यासच तितका वेळ जाईल. मग रात्रीं अमरावतीस गाडींत बसून सकाळीं मुंबईस उतरणारा गृहस्थ जादा भाडें कां देईल?

यास उपाय आहे, व तो जुन्याच वाटेवर पडलेला आहे. शकुंतलेचा यवतमाळ–मूर्तिजापूर फांटा कारंजावरूनच जाई. तो मोठ्या मापाचा झाला, तर अकोल्याची व बडनेऱ्याची गाडी मूर्तिजापूरमार्गें कारंजास येईल. नरखेड मार्गावर वलगांवला स्थानक आहेच. तेथला प्रवासी बडनेऱ्यास गाडी बदलून निघेल. मात्र दोन्ही स्थानकें एका छताखालीं हवींत, नाहीं तर म्हाताऱ्या माणसाला ट्रंक घेऊन पुन्हां रिक्षा शोधणें आलेंच. यासाठीं कारंजाच्या स्थानकाचा नकाशा आंखतांनाच या फांट्याची जागा राखली पाहिजे. उंच खांबांवरचा मार्ग एकदां उभा राहिला, कीं त्याखालीं मागाहून फलाट बसविणें फार खर्चाचें काम होतें.