दुकानदाराचा नवा सल्लागार

मुलांनो, दुकान चालवायचे म्हणजे रोज काही ना काही ठरवावे लागते. कोणता माल भरावा? भाव किती ठेवावा? उधारी कोणाला द्यावी? पूर्वी दुकानदार अशा वेळी घरातील वडीलधाऱ्यांना किंवा बाजारातील एखाद्या जुन्या व्यापाऱ्याला विचारत असे. आता त्याच्या मोबाइलवर आणखी एक सल्लागार आला आहे. त्याला चॅटबॉट म्हणतात. ('सल्ला' हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. उर्दूत तुम्ही 'सलाह' म्हणता ना, तोच हा!)

चॅटबॉट म्हणजे माणसासारखी उत्तरे देणारा संगणकाचा प्रोग्रॅम. आपण प्रश्न लिहायचा, की काही क्षणांत उत्तर हजर! त्याला हे कसे जमते? पुस्तके, लेख, बातम्या असा अफाट मजकूर त्याला आधी पुरवलेला असतो. कोणत्या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याचा संभव अधिक आहे, हे तो त्यावरून शिकतो. मग शब्दाला शब्द जोडून उत्तर तयार करतो. म्हणून त्याची भाषा सफाईदार असते. पण तुमचे दुकान त्याने पाहिलेले नसते. शिवाय उत्तर बरोबर असो की चूक, तो सारख्याच ठामपणे बोलतो.

असा सल्ला घेऊन धंदा वाढतो का? 2023 साली आफ्रिकेतील केनिया या देशात याची परीक्षा झाली. हार्वर्ड आणि बर्कली येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी सुमारे 640 लहान व्यावसायिक निवडले. त्यांच्यापैकी काहींना व्हॉट्सॲपवर सल्ला देणारा चॅटबॉट दिला आणि इतरांना व्यवसायाची माहितीपुस्तिका दिली. काही महिन्यांनी सर्वांची विक्री आणि नफा मोजला. सरासरी पाहिली, तर दोन्ही गटांत विशेष फरक दिसला नाही. मात्र बारकाईने पाहिल्यावर गंमत कळली. ज्यांचा धंदा आधीपासून बरा चालत होता, त्यांना चॅटबॉटमुळे सुमारे 15 टक्के फायदा झाला. ज्यांचा धंदा आधीच अडचणीत होता, ते मात्र सुमारे 8 टक्के मागे पडले. खरी गरज त्यांनाच होती आणि नुकसानही त्यांचेच झाले!

असे का व्हावे? भाव कमी करा, जाहिरात करा, असे कोणालाही लागू पडणारे सल्ले चॅटबॉट सहज देतो. ते ऐकायला बरे वाटतात. पण जरा हिशेब करून पाहा. एक पुडा 80 रुपयांना आणला आणि 100 रुपयांना विकला, तर 20 रुपये सुटतात. रोज 30 पुडे खपले, तर नफा 600 रुपये. आता चॅटबॉटचे ऐकून भाव 10 टक्के उतरवला. पुडा 90 रुपयांना झाला. नफा मात्र 20 वरून 10 रुपयांवर आला, म्हणजे निम्माच राहिला! पूर्वीएवढे 600 रुपये मिळवायला आता रोज 60 पुडे विकले पाहिजेत. तेवढे गिऱ्हाईक त्या गल्लीत आहे का? हे चॅटबॉटला ठाऊक नसते. दुकानदाराला ठाऊक असते.

म्हणून प्रश्न विचारण्याची रीत महत्त्वाची आहे. "विक्री कशी वाढवू?" एवढेच विचारले, तर उत्तरही मोघमच मिळणार. त्याऐवजी असे विचारावे: "माझे किराणा दुकान आहे. हा पुडा मला 80 रुपयांना पडतो. मी तो 100 रुपयांना विकतो. रोज 30 खपतात. शेजारच्या दुकानात तो 98 रुपयांना मिळतो. मी भाव उतरवावा का?" आता चॅटबॉटला धरायला काहीतरी मिळाले. पुढे आणखी एक प्रश्न जरूर विचारावा: "तुझा हा सल्ला कोणत्या परिस्थितीत चुकेल?" माझ्या मते हा प्रश्न सर्वांत उपयोगाचा आहे. उत्तरातून नव्या शंका कळतात आणि त्या आपल्या दुकानाशी ताडून पाहता येतात. चॅटबॉटने आकडेमोड केली असेल, तर तीही वहीत पुन्हा करून पाहावी. गिऱ्हाइकांची नावे, त्यांचे फोन नंबर, कोणाची किती उधारी आहे, या गोष्टी मात्र त्याला सांगू नयेत. लोकांनी त्या विश्वासाने आपल्याजवळ ठेवलेल्या असतात.

एवढे करूनही सल्ला पटला, तर तो सगळ्या दुकानाला एकदम लागू करू नये. एकाच वस्तूचा भाव आठ दिवस उतरवून पाहावा. रोज किती नग खपले, ते लिहून ठेवावे. नवव्या दिवशी वही उघडून आधीचा नफा आणि आताचा नफा शेजारी शेजारी मांडावा. नफा घटला असेल, तर भाव पुन्हा पहिल्यासारखा करावा. तोटा झालाच, तर तो एका वस्तूचा आणि आठ दिवसांचा असेल.