वय नको, धूर मोजा

लॉस एंजेलिस : कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर तीस-पस्तीस वर्षांच्या पिकअप गाड्या इतक्या दिसतात की भारतातून नव्याने आलेल्या माणसाला नवल वाटावे. मागच्या हौद्यात शिड्या, गवत कापायची यंत्रे, पाइप, रंगाचे डबे भरलेले, आणि पुढे 1980च्या दशकातली टोयोटा किंवा फोर्ड. हवा कोरडी असल्यामुळे इथे पत्रा लवकर गंजत नाही आणि गाडी टिकते. टोयोटाचे 22आर घराण्यातले इंजिन किंवा फोर्डचे सहा सिलिंडरचे 4.9 लिटरचे इंजिन वेळेवर तेल बदलले तर वर्षानुवर्षे थांबत नाही. माळीकाम, प्लंबिंग, सुतारकाम करणाऱ्या माणसाचा सगळा धंदा या हौद्यात असतो. अशा गाडीच्या मालकाला राज्यातल्या बहुतेक भागांत दर दोन वर्षांनी एक परीक्षा द्यावी लागते. रजिस्ट्रेशनच्या नूतनीकरणाच्या कागदावर ‘स्मॉग चेक आवश्यक’ असे छापून येते. धुराची चाचणी पास झाल्याशिवाय नंबर प्लेटवर लावायचे नव्या वर्षाचे स्टिकर मिळत नाही, आणि त्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. या नियमावर इथे सतत कुरकुर चालते. माझ्या मते नियमाचा पाया योग्य आहे, कारण तो जुन्या गाडीला तिचे वय विचारत नाही, तिचा धूर विचारतो. नियम चुकतो तो पुढच्या पायरीवर: गाडी नापास झाली की दुरुस्तीचा भार कोणी उचलायचा, या प्रश्नावर.

हा कायदा कोण्या अधिकाऱ्याच्या लहरीतून आलेला नाही. जुलै 1943 मध्ये या शहरावर असा दाट, डोळे झोंबवणारा पडदा पसरला की जपानने विषारी वायू सोडला असावा अशी लोकांना शंका आली. संशय मग शहरातल्या एका कृत्रिम रबराच्या कारखान्याकडे वळला. कारखाना बंद केला, तरी धुके येतच राहिले. खरे उत्तर 1950च्या सुमारास सापडले. कॅलटेकमध्ये अननसाच्या स्वादावर संशोधन करणारे मूळचे डच रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी दाखवून दिले की गाड्यांमधून बाहेर पडणारे न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की ओझोन तयार होतो. ताणून ठेवलेल्या रबराच्या पट्ट्यांना किती लवकर तडे जातात यावरून ते हवेतला ओझोन ओळखत. तीन बाजूंना डोंगर, वर गरम हवेचे झाकण आणि वर्षभर स्वच्छ ऊन अशा या खोऱ्यात धूर अडकून शिजतो. 1967 मध्ये राज्याने हवा संसाधन मंडळ स्थापले आणि हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. नियमित धूर-चाचणी 1984 पासून सुरू झाली. आजची नवी गाडी 1960च्या दशकातल्या गाडीच्या मानाने जवळजवळ 99 टक्के कमी प्रदूषक सोडते. तरीही लॉस एंजेलिसचे खोरे ओझोनच्या बाबतीत अमेरिकेतल्या सर्वांत वाईट हवेच्या प्रदेशांत मोडते. नव्या गाड्या इतक्या स्वच्छ झाल्यानेच बिघडलेल्या एकेका जुन्या गाडीचा वाटा मोठा झाला आहे.

चाचणी कशी होते हे नीट पाहण्यासारखे आहे. 1976 ते 1999 या काळातली पेट्रोल पिकअप असेल तर मोठ्या शहरांच्या भागात तिची मागची चाके रोलरवर चढवतात आणि इंजिनावर भार टाकून ताशी 15 व 25 मैलांच्या वेगाने चालवून धूर मोजतात. हायड्रोकार्बन, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड असे तीन आकडे येतात. पास होण्याची मर्यादा गाडीचे मॉडेल-वर्ष आणि वजन पाहून ठरलेली असते, म्हणजे 1988च्या पिकअपकडून 2018च्या गाडीइतकी स्वच्छता कोणी मागत नाही. ती ज्या काळात बनली त्या काळच्या मापानेच तिला तोलतात. 2000 पासूनच्या गाड्यांना रोलर लागत नाही. त्यांच्या संगणकाला तार जोडून गाडीने स्वतःची तपासणी पूर्ण केली आहे का, हे वाचतात. ‘चेक इंजिन’चा दिवा घालवण्यासाठी कोणी आदल्या रात्री बॅटरीची तार काढली, तर संगणकाची स्मृती पुसली जाते आणि गाडी ‘अजून तयार नाही’ म्हणून परत पाठवली जाते. विरळ वस्तीच्या काही जिल्ह्यांत तर ही चाचणी फक्त गाडी विकताना लागते.

आपल्याकडच्या पीयूसीशी याची तुलना करावीशी वाटते, आणि ती निव्वळ दोष काढण्यासाठी नाही. पीयूसी केंद्रावर पेट्रोल गाडी उभ्याउभ्याच चालू ठेवून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. नायट्रोजनच्या ऑक्साइडांची गाठ तिथे पडतच नाही. सिलिंडरमधले तापमान फार चढले की हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जोडला जातो, आणि तापमान चढते ते भार ओढताना. उभ्या गाडीत ते जवळपास होत नाही. हागेन-स्मिट यांनी ज्या दोन घटकांना दोषी धरले, त्यांतला एक आपल्या तपासणीतून सुटतो तो असा. रोलरचे यंत्र महाग असते, हे खरे. पण धूर मोजायचा असेल तर गाडीला काम करायला लावूनच मोजावा लागतो.

या मोजणीचा दुसरा फायदा असा की आकडे मिस्त्रीला वाट दाखवतात. कार्बन मोनॉक्साइड जास्त आला तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. कार्ब्युरेटर, चोक किंवा ऑक्सिजन सेन्सर पाहायचा. हायड्रोकार्बन जास्त असेल तर एखादा सिलिंडर नीट पेटत नाही. प्लग, वायरी, व्हॉल्व्ह बघायचे. नायट्रिक ऑक्साइड चढला असेल तर टायमिंग पुढे गेले आहे, इंजिन तापते आहे, किंवा जळालेल्या वायूचा थोडा भाग परत आत सोडून तापमान खाली आणणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने चोंदला आहे. तिन्ही आकडे एकदम वर गेले तर संशय कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर जातो. तो तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून जाणता मालक थंड इंजिन घेऊन चाचणीला जात नाही. आधी गाडी हायवेवर चांगली पळवून मग केंद्रावर येतो. यात लबाडी नाही, गाडी रोजच्या कामात असते त्याच स्थितीत ती दाखवली जाते. यातले बहुतेक दोष पेट्रोलही जास्त खातात. परीक्षेच्या निमित्ताने जे ठीक होते, त्याचा पहिला फायदा मालकाच्याच खिशाला होतो.

मालकांचा सर्वांत सयुक्तिक आक्षेप आकड्यांवर नाही, डोळ्यांनी होणाऱ्या तपासणीवर आहे. बॉनेट उघडून तपासनीस कारखान्याने बसवलेली धूर-नियंत्रणाची प्रत्येक वस्तू जागेवर आहे का ते पाहतो. 1980च्या दशकातल्या कार्ब्युरेटरच्या टोयोटात बारीक व्हॅक्यूम नळ्यांचे दाट जाळे असते आणि त्याचा नकाशा बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेला असतो. एक नळी निसटली, एक व्हॉल्व्ह कमी असला, तर नळकांड्यातून येणारा धूर स्वच्छ असला तरी गाडी नापास होते. यातले अनेक पार्ट कंपन्यांनी बनवणे केव्हाच थांबवले आहे. लोक भंगारातल्या गाड्यांतून ते शोधत फिरतात. धूर साफ असेल तर नळीवरून अडवायचे कशाला, असे मालक विचारतात. याला उत्तर आहे. चाचणी काही मिनिटांची असते आणि गाडी पुढे दोन वर्षे चालते. त्या काही मिनिटांपुरते टायमिंग मागे घेऊन मिश्रण पातळ करता येते, आणि बाहेर पडताच पूर्ववत करता येते. शिवाय टाकीतून उडून जाणारी पेट्रोलची वाफ नळकांड्यावर कधीच दिसत नाही. ती वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात अडते आहे की नाही हे डबा, नळ्या आणि टाकीचे झाकण तपासूनच कळते. म्हणून डोळ्यांची तपासणी हवीच. मात्र जो पार्ट बाजारात कुठेच मिळत नाही त्याच्यासाठी गाडी मोडीत काढायला लावणे हा अन्याय आहे. वादाच्या गाड्यांसाठी राज्याने ‘रेफरी’ नेमलेले आहेत. दुसरे इंजिन बसवलेली गाडी तेच तपासतात. तोच धूर साधणारी पर्यायी रचना मान्य करण्याचे त्यांचे अधिकार वाढवले पाहिजेत.

दुसरा आक्षेप डेन्व्हर विद्यापीठाचे दिवंगत रसायनशास्त्रज्ञ डोनाल्ड स्टेडमन यांच्या कामातून येतो. त्यांनी रस्त्याच्या कडेला अवरक्त किरणांचे यंत्र लावून जाणाऱ्या गाड्यांचा धूर मोजला आणि दाखवले की कार्बन मोनॉक्साइडचा जवळपास निम्मा भाग दहा टक्के गाड्यांतून येतो. मग उरलेल्या नव्वद टक्क्यांना केंद्रावर बोलावून का छळायचे, असा त्यांचा रोख होता. हे निरीक्षण भक्कम आहे आणि माझ्या बाजूचेच आहे: त्या दहा टक्क्यांत नवी पण बिघडलेली गाडीही सापडते, आणि नीट राखलेली जुनी गाडी त्यांच्यात नसते. राज्याने त्यातून थोडा धडा घेतला आहे. आठ वर्षांपर्यंतच्या गाड्यांना नियमित चाचणी लागत नाही, त्या फक्त शुल्क भरतात. नापास होण्याची शक्यता जास्त अशा गाड्या कडक निकषांच्या ‘स्टार’ केंद्रांकडे वळवल्या जातात. या केंद्रांपैकी काही फक्त चाचणी करतात, दुरुस्ती करत नाहीत. जो नापास करतो त्यालाच दुरुस्तीचे पैसे मिळू नयेत, ही खबरदारी मला फार महत्त्वाची वाटते. पण चाचणी सरसकट सोडून फक्त रस्त्यावरच्या यंत्रावर विसंबणे बरोबर नाही, कारण ते यंत्र दोषी गाडी दाखवते, दोष कुठे आहे ते सांगत नाही.

तिसरी मागणी सवलतीची. 1975 पर्यंतच्या गाड्यांना आजही कायमची सूट आहे. पूर्वी ही सूट तीस वर्षांच्या हिशेबाने दरवर्षी आपोआप पुढे सरकत असे. 2004च्या कायद्याने ती 1975वर थांबवली. 2025 मध्ये दूरचित्रवाणीवरचे विनोदी कलाकार आणि जुन्या गाड्यांचे मोठे संग्राहक जे लेनो यांच्या पाठिंब्याने पस्तीस वर्षांहून जुन्या, संग्राहक विमा असलेल्या गाड्यांना सूट देणारे विधेयक आले. ऑगस्टमध्ये ते विधानसभेच्या खर्च समितीत अडकले. ते अडकले हे बरे झाले. संग्रहातली गाडी महिन्यातून एखाद्या रविवारी निघते, हे मान्य. पण अशा सवलतीचा लाभ ज्याच्याकडे वेगळा विमा उतरवण्याइतका पैसा आहे त्यालाच मिळतो. शिड्या लादून रोज साठ मैल फिरणाऱ्या पिकअपवाल्याला मिळत नाही. उलट बाजूने, 1997 पर्यंतच्या डिझेल गाड्यांना जी सूट आहे, तीही मला पटत नाही. धुराला धरूनच न्याय करायचा, तर काळा धूर सोडणारी जुनी डिझेल पिकअप मोकळी का?

वयाच्या मापाने चालण्याचा दुसरा रस्ता आपण भारतात पाहिला आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2015 मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना बंदी केली, सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ती कायम ठेवली, आणि तेव्हापासून वाद मिटलेला नाही. तो मिटणे अवघडच होते, कारण वर्षाला तीन हजार किलोमीटर फिरणारी गाडी आणि एकूण तीन लाख किलोमीटर फिरलेली टॅक्सी वयाच्या नियमाला सारखीच दिसते. महाराष्ट्रात पंधरा वर्षांनी पर्यावरण कर भरून आणि आरटीओत तपासणी करून गाडी पुढे चालवता येते. हा मार्ग त्या मानाने शहाणपणाचा आहे. फक्त ती तपासणी खरीखुरी धुराची व्हायला हवी.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि सगळा पेच तिथेच आहे. प्रमाणपत्राचे सरकारी शुल्क 8.25 डॉलर आहे, चाचणीची फी दुकान आपापली ठरवते, हे झेपते. झेपत नाही तो कन्व्हर्टर. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे धातू असतात, म्हणून तो चोरीलाही जातो. इथे राज्याच्या मंडळाने मंजूर केलेला, मंजुरीचा आदेश-क्रमांक कोरलेलाच कन्व्हर्टर चालतो, आणि तो शेजारच्या राज्यांत मिळणाऱ्या स्वस्त कन्व्हर्टरच्या मानाने बराच महाग पडतो. जुन्या पिकअपची बाजारातली किंमत आणि ही दुरुस्ती यांत फारसे अंतर उरत नाही. दुरुस्तीवर किमान 650 डॉलर खर्च करूनही गाडी नापास होत असेल तर एकदाच, दोन वर्षांपुरती माफी मिळते. शिवाय कमी उत्पन्नाच्या मालकांना राज्य दुरुस्तीसाठी मदत देते: 1996 पासूनच्या गाडीला 1,450 डॉलरपर्यंत, 1976 ते 1995च्या गाडीला 1,100 डॉलरपर्यंत. गाडी मोडीत द्यायची असेल तर अशा मालकाला 2,000 डॉलर मिळतात. या आकड्यांचा अर्थ असा होतो की ज्या गाडीची दुरुस्ती अधिक कठीण तिला मदत कमी, आणि ती दुरुस्त करण्यापेक्षा भंगारात देणे फायद्याचे. दोन हजारांत हौदा असलेली दुसरी चालती गाडी येत नाही. तिच्यावर पोट असलेल्या माणसाने मग रजिस्ट्रेशनशिवाय गाडी चालवली किंवा बनावट प्रमाणपत्र शोधले, तर हवा स्वच्छ होत नाहीच, उलट ती गाडी तपासणीच्या कक्षेतूनच निसटते. जुनी गाडी भंगारात काढावी या मताच्या लोकांना एवढेच सांगावेसे वाटते की नवी गाडी बनवतानाही पोलाद वितळते आणि कोळसा जळतो. राज्याने चाचणी सैल करू नये, सूटही वाढवू नये. दुरुस्तीच्या मदतीचे दोन आकडे मात्र उलटे करावेत आणि 1995 पर्यंतच्या पिकअपला मोडीच्या किमतीपेक्षा जास्त मदत द्यावी.