जुन्या मोटारसायकलचा घसरणारा क्लच

वाळूज येथे बजाज कंपनीचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. आज छत्रपती संभाजीनगरातील पुंडलिकनगरासारख्या वसाहतींपासून आसपासच्या वाड्यावस्त्यांपर्यंत दूध-भाजीपाला वाहण्यास मोटारसायकल लागतेच. शेतकरी बंधू ती पुष्कळदा जुनी घेतात. तेव्हा क्लच अवश्य पारखावा.

चढावर, वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पिळला असता इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरत आहे असे समजावे. मात्र प्लेटा बदलण्याची घाई करू नये. क्लच वायर ताठ असल्यास लिव्हर सोडूनही क्लच पूर्ण धरत नाही. लिव्हरच्या मुळाशी साधारण २ ते ३ मिलिमीटर ढील ठेवावी. दुसरे कारण तेल. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्या तेलातच फिरतो. मोटारगाडीच्या काही तेलांतील घर्षण कमी करणारी द्रव्ये इंजिनास मानवतात, क्लचास नव्हे! डब्यावर ‘जासो एमए’ ही खूण पाहावी.

एवढ्याने न भागल्यास क्लच खोलून प्लेटांची जाडी व स्प्रिंगांची लांबी मापावी. निळसर पडलेली वा वाकलेली पोलादी प्लेट पुन्हा बसवू नये. नव्या प्लेटा आधी इंजिनाच्या तेलात भिजवाव्यात. ही परीक्षा सौद्यापूर्वीच केल्यास दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून मागता येतो.