न दिसणाऱ्या वेदनेवर उपचार : सिकलसेल आणि भूलशास्त्र

भूलतज्ज्ञाचे काम शस्त्रक्रियागृहात सुरू होते व तेथेच संपते, अशी आमच्या अनेक हितचिंतकांची समजूत असते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात मात्र त्यांच्या ज्ञानाची गरज बाहेरच्या खाटांवरही भासते. या भागातील अनेक कुटुंबांत आढळणारा सिकलसेल हा आनुवंशिक आजार त्याचे एक प्रमुख कारण होय.

या आजारात प्राणवायू कमी पडताच तांबड्या रक्तपेशी ताठर व विळ्याच्या आकाराच्या होतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढील भागाचा रक्तपुरवठा खुंटतो. मग हाडे, छाती, पोट यांत असह्य वेदना उठतात. तेंदूपत्ता तोडताना उन्हाने शरीरातील पाणी कमी होणे, धानाच्या रोवणीत तासन्‌तास भिजणे, ताप, अतिश्रम यांपैकी काहीही निमित्त पुरते. जखम दिसत नाही, क्ष-किरण चित्रातही बहुधा काही आढळत नाही. त्यामुळे रुग्णाला कामचुकार ठरविले जाते. कधी कधी उपचार करणारेही त्याच्यावर संशय घेतात.

वेदना मोजणारी रक्ततपासणी नाही. रुग्णाचा शब्द हेच तिचे माप. अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, तीव्र वेदनेचा रुग्ण रुग्णालयात पोहोचल्यापासून एका तासाच्या आत वेदनाशामक औषध मिळावे आणि आराम पडेपर्यंत दर ३० ते ६० मिनिटांनी पुन्हा विचारपूस व्हावी. मॉर्फिनसारख्या औषधांनीही वेदना आटोक्यात आली नाही, तर भुलेसाठी वापरले जाणारे केटामाइन अत्यल्प मात्रेत देण्याचा, अथवा वेदना एकाच भागात असल्यास तेवढाच भाग बधिर करण्याचा पर्याय या सूचनांत आहे. येथे भूलतज्ज्ञाचे कौशल्य कामी येते. मॉर्फिनने व्यसन लागेल ही नातेवाइकांची भीती आम्ही समजू शकतो. परंतु देखरेखीखाली मोजून दिलेले औषध नाकारून रुग्णाला तळमळत ठेवणे योग्य नव्हे. २०१४ साली अमली पदार्थविषयक कायद्यात झालेल्या दुरुस्तीचा उद्देशही गरजू रुग्णांना अशी औषधे सुलभतेने मिळावीत हाच होता.

शस्त्रक्रियेच्या वेळी या रुग्णांना थंडी, तहान व प्राणवायूची कमतरता या तिन्हींपासून जपावे लागते. २०१३ साली 'लॅन्सेट' नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, शस्त्रक्रियेपूर्वी रक्त न दिलेल्या रुग्णांपैकी ३९ टक्क्यांना गुंतागुंत झाली. रक्त दिलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. चाचणी लहान, ६७ रुग्णांची होती. तरीही वेळेवर मिळालेल्या रक्ताच्या पिशवीचे मोल तिने दाखवून दिले.

अर्थात, झटका येऊच नये हे सर्वांत श्रेयस्कर. हायड्रॉक्सियुरिया या गोळीने झटक्यांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर येते, हे १९९५ साली प्रौढ रुग्णांत सिद्ध झाले. २०१९ साली आफ्रिकेतील चार देशांच्या मुलांमधील अभ्यासातही तिचा लाभ दिसून आला. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद होतो, तेव्हा घरातील ही गोळी व पुरेसे पाणी हाच रुग्णाचा आधार असतो. मात्र गोळी घेणाऱ्याने ठरावीक काळाने रक्ततपासणी करून घेणे आवश्यक आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. आपल्या घरातील तरुणांनी विवाहापूर्वी ही तपासणी अवश्य करावी.

रुग्णांच्या कुटुंबीयांना आमची विनंती आहे की, दात काढण्यापूर्वीसुद्धा सिकलसेलची माहिती डॉक्टरांना द्यावी, दुखऱ्या भागावर बर्फ लावू नये, आणि ताप, धाप किंवा छातीत दुखणे सुरू होताच रुग्णास विनाविलंब रुग्णालयात आणावे. देणगीदारांना हे सांगावेसे वाटते की, प्राणवायूची नळकांडी, उबदार पांघरुणे, सलाइन व रक्तदान या साध्या गोष्टींवरच येथील उपचार उभे आहेत. 'मला दुखते' असे सांगणाऱ्या रुग्णावर प्रथम विश्वास ठेवणे हे आम्हा सर्वांचे कर्तव्य आहे; त्यासाठी पैसाही लागत नाही.