हिशेबाचा लॅपटॉप लहान एसएसडीवर नेताना

आपल्या संघाच्या बहुतेक सभासदांच्या पेढीवर रोजकीर्द आणि खतावणी आता लाल कापडाच्या बांधणीत राहिलेली नाही. ती लॅपटॉपच्या पोटात गेली आहे. दिवाळीत वहीपूजनास नव्या वहीशेजारी लॅपटॉपही मांडला जातो. यांतील पुष्कळसे लॅपटॉप २०१७ साली जीएसटी आला त्या सुमारास घेतलेले आहेत. त्यांत एक टीबीची हार्ड डिस्क आहे, आणि ते आता इतके मंद झाले आहेत की गिऱ्हाइकाचा चहा पिऊन होतो, तरी बिल निघत नाही. दुरुस्तीवाला सांगतो, ‘एसएसडी बसवा.’ बसवावयाची ती असते २५६ जीबीची. मग प्रश्न येतो : हजाराच्या वखारीतील माल अडीचशेच्या वखारीत मावावयाचा कसा? हा प्रश्न बेळगाव-निपाणीकडील अनेक बंधूंनी आम्हांस विचारला, म्हणून हा लेख.

प्रथम मंदपणाचे कारण पाहू. हार्ड डिस्कमध्ये गोल चकत्या असतात व लॅपटॉपमधील चकती साधारणतः मिनिटाला ५४०० फेरे घेते. वाचणारा काटा हव्या त्या जागी सरकेपर्यंत आणि चकतीचा नेमका भाग त्याच्याखाली येईपर्यंत सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग जातो. हा काळ ऐकावयास क्षुल्लक वाटतो. परंतु विंडोज सुरू होताना हजारो ठिकाणच्या लहानसहान नोंदी उचलाव्या लागतात. एकच हमाल दहा थप्प्यांवरून एकेक पोते उतरवीत हिंडावा, तशी त्याची गत होते. एसएसडीत फिरणारा भागच नाही. तेथे तीच नोंद सेकंदाच्या दहाहजाराव्या भागाच्या आसपास हाती येते. लॅपटॉपचे बाकी अवयव तेच राहूनही तो नव्यासारखा चालू लागतो, याचे रहस्य इतकेच आहे.

आता मापाविषयी. डिस्कवर ‘१ टीबी’ छापलेले असते, पण विंडोज ९३१ दाखविते. २५६ ची एसएसडी २३८ दाखविते. माल तुटीचा आला असे समजू नये. उत्पादक हजाराच्या पटीने मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीने. कच्च्या मणाचा आणि पक्क्या मणाचा हा फरक आहे. शिवाय एसएसडी काठोकाठ भरू नये. जुन्या नोंदी पुसून नव्यासाठी जागा सिद्ध करण्यास तिला आत मोकळीक लागते; ती नसेल तर तिचा वेग उतरतो. म्हणून २३८ पैकी १९० ते २०० इतकाच माल भरावा, असा आमचा हिशेब आहे.

मुद्द्याची गोष्ट ही की, नव्या डिस्कवर जुनी वखार न्यावयाची नसून तीतील धान्य न्यावयाचे असते. ९३१ च्या डिस्कवर प्रत्यक्षात भरलेले किती, हे पाहावे. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने सांगितलेली किमान जागा ६४ जीबी आहे. आपल्यासारख्या पेढीचे टॅलीतील अनेक वर्षांचे हिशेब बहुधा दोन-चार जीबींतच मावतात. मग डिस्क भरली कशाने? उघडून पाहिल्यास लग्नांच्या चित्रफिती, पंचकल्याणक पूजेची ध्वनिमुद्रणे, चार मोबाइलांतून उतरवलेली छायाचित्रे आणि एकच पत्रक दहा वेळा डाउनलोड केलेले, असे सारे सापडते. परिग्रह-परिमाण व्रताची आठवण येथे कोणास झाली तर ती अस्थानी नाही. यांतील जपून ठेवावयाचे ते बाहेरच्या डिस्कवर न्यावे आणि निरर्थक ते काढून टाकावे. हे काम दुरुस्तीवाल्यावर सोपवू नये. कोणते पोते किडके आणि कोणते बियाण्याचे, हे घरच्या माणसालाच कळते.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. एका डिस्कवर सी, डी असे जे भाग दिसतात ते वखारीतील आडभिंतींसारखे असतात. त्यांस पार्टिशन म्हणतात. विंडोज सी मध्ये असते. टॅलीचा डेटा मात्र पुष्कळ पेढ्यांत ‘सुरक्षित राहावा’ म्हणून डी मध्ये ठेवलेला असतो. आमच्या परिचयाच्या एका पेढीत असे घडले : सी ची नक्कल उत्तम झाली, विंडोज झटक्यात उघडले, सर्वांस आनंद झाला, आणि कारागिराने त्याच संध्याकाळी जुनी डिस्क पुसून दुसऱ्या कामास घेतली. दुसऱ्या दिवशी टॅली उघडले तर कंपन्यांची यादी रिकामी! डेटा डी मध्ये होता आणि डी कोणी आणलाच नव्हता. पेनड्राइव्हवरील प्रत मागील मार्चची निघाली. पुढील सात महिन्यांच्या नोंदी कागदी बिलांवरून पुन्हा चढवाव्या लागल्या.

यात केवळ श्रमाचा प्रश्न नाही. जीएसटी कायद्याच्या ३६ व्या कलमानुसार हिशेब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. २०२३-२४ या वर्षाच्या वार्षिक विवरणाची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती; म्हणजे त्या वर्षाची बिले ३१ डिसेंबर २०३० पर्यंत दाखविता आली पाहिजेत. अपील चालू असेल तर त्याहूनही पुढे. आपल्या धंद्यात तर १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या बंद, लेबल लावलेल्या पिशवीवर ५ टक्के कर लागू झाला. त्या सुमारास कोणती पिशवी कोणत्या तारखेला गेली, हे उद्या विचारले गेले तर तोंडी उत्तर चालणार नाही.

म्हणून अगोदर टॅलीचा बॅकअप घ्यावा, तो दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावा, आणि त्यांतील एक प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. उघडून न पाहिलेला बॅकअप हा न तोललेल्या गाडीसारखा आहे. डी मधील डेटा सी मध्ये आणून टॅलीत त्याचा नवा पत्ता द्यावा व एक दिवस त्यावर काम करावे. टॅलीचा परवाना त्या यंत्राशी बांधलेला असल्याने तो डिस्क बदलण्यापूर्वी ‘सरेंडर’ करावा आणि नंतर पुन्हा सक्रिय करावा. तसेच लॅपटॉपवर बिटलॉकरचे कुलूप आहे काय, हे पाहावे. नव्या लॅपटॉपांत ते मालकाच्या नकळतही लागलेले असते. ते आधी पूर्ण उतरवावे आणि त्याची लांबलचक किल्ली कागदावर लिहून ठेवावी.

आता सी ची भिंत अलीकडे सरकवावयाची. विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये ‘श्रिंक व्हॉल्यूम’ अशी सोय आहे. येथे एक अडचण हमखास येते : ९०० च्या सी मध्ये माल १२० च असतो, तरी भिंत ४५० च्या अलीकडे सरकत नाही. कारण असे की काही फाइली विंडोज जागची हलवू देत नाही. वखारीच्या मध्यावर जड तिजोरी असावी आणि तीमुळे भिंत अडावी, तसे हे आहे. हायबरनेशनची फाइल, पेज फाइल आणि सिस्टिम रिस्टोअरच्या जुन्या प्रती या त्या तिजोऱ्या होत. या तिन्ही सोयी तात्पुरत्या बंद कराव्या, लॅपटॉप पुन्हा सुरू करावा, आणि मग भिंत सरकवावी; बहुधा ती सरकते. काम संपल्यावर सोयी परत चालू करण्यास विसरू नये.

नक्कल करणारी साधने अनेक आहेत. क्लोनझिला हे विनामूल्य व विश्वासाचे आहे, परंतु नवी जागा जुन्या पार्टिशनपेक्षा लहान असेल तर ते मूळ रीतीने काम नाकारते. म्हणूनच वरील भिंत सरकविण्याचा खटाटोप. सॅमसंगसारखे काही उत्पादक आपल्या एसएसडीबरोबर वापरण्यास नकलेचे साधन देतात; ते केवळ भरलेला भाग उचलते, त्यामुळे काम सोपे होते. साधन कोणतेही असो, सी बरोबर ईएफआय हे सुमारे १०० एमबीचे छोटे पार्टिशनही उचललेच पाहिजे. वखारीच्या दाराची किल्ली त्यात असते. ते राहिले तर माल सगळा येतो आणि दार उघडत नाही. नक्कल चालू असताना लॅपटॉप वीजजोडणीवर असावा व बॅटरीही पूर्ण भरलेली असावी, हे आपल्या भागात वेगळे सांगावयास नको.

एसएसडी घेण्यापूर्वी लॅपटॉपात कोणती बसते, याची खात्री करावी. अडीच इंचाची साटा वेगळी, पट्टीसारखी एम-टू वेगळी. आणि एम-टू दिसावयास सारखी असली तरी तीतही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत. नक्कल झाल्यावर जुनी डिस्क काढून ठेवावी आणि पहिल्या वेळी फक्त नवी जोडून लॅपटॉप सुरू करावा. दोन्हींची ओळख एकच असल्याने एकत्र जोडल्यास विंडोजचा गोंधळ होतो.

नक्कल न करता नवीन विंडोज कोरे घालावे, असे काही जाणकार म्हणतात. विंडोजचा डिजिटल परवाना बहुतेक लॅपटॉपांत मुख्य पटलाशी निगडित असल्याने ते डिस्क बदलूनही चालू होते, हे खरे. पण मग मराठी पत्रांकरिता श्रीलिपी, कन्नड अर्जांकरिता नुडी, छपाईयंत्र, डिजिटल सहीचे टोकन, हे सर्व पुन्हा बसवावे लागते. सीमाभागातील पेढीस दोन्ही भाषा लागतात, तेव्हा आम्ही नकलेच्या बाजूचे आहोत. जुने विंडोज विषाणूंनी ग्रासलेले असेल तर मात्र कोरेच घालावे. आणखी एक : विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या लॅपटॉपात टीपीएम २.० आणि मान्य यादीतील प्रोसेसर नाही, तो केवळ एसएसडीमुळे विंडोज ११ ला पात्र होत नाही. अशा यंत्रावर खर्च करण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

राहता राहिली जुनी डिस्क. येथे आपल्याच परंपरेतील एक उदाहरण सांगावेसे वाटते. मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर जुन्या कन्नड लिपीत असलेल्या धवला ग्रंथाच्या नकला करण्याचे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. त्यात सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांचा पुढाकार होता. पुढे डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ साली अमरावतीहून पहिला भाग छापून निघाला. तो नकलांच्या आधारे सिद्ध झाला होता, आणि नंतरच्या भागांच्या वेळी मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्याची सोय झाली. मूळ प्रत जपलेली होती, म्हणूनच हे शक्य झाले.

आपणही नव्या डिस्कवर प्रत्येक कंपनीची तेरीज काढावी व ती जुन्या तेरजेशी रुपया-पैशासह ताडावी. प्रत्येक वर्षातील दोन-चार बिले उघडून पाहावीत. एक जीएसटी विवरण नव्या डिस्कवरून भरून होईपर्यंत जुनी डिस्क पुसू नये. त्यानंतरही ती विकू नये, असे आम्ही सुचवितो : एसएसडी बिघडते तेव्हा पुष्कळदा पूर्वसूचना न देता बिघडते, आणि तीतून माल परत काढणे कठीण असते. हार्ड डिस्क यूएसबीच्या डबीत बसवून दर शनिवारी तीवर टॅलीचा बॅकअप घ्यावा, वर तारखेची चिठ्ठी चिकटवावी, आणि ती पेढीवर न ठेवता घरच्या कपाटात ठेवावी.